कोऱ्या नळीतला पारा

महेंद्र ओव्हाळ काय काम करतो, असं कारेगावात कुणी विचारलं की त्याची बायको गौतमी सांगायची, "धूर मोजत्यात." विचारणारा आधी हसायचा, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून गंभीर व्हायचा आणि म्हणायचा, "मापानं का वजनानं?" गौतमीलाही ते नीटसं ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, "ते त्यांचं त्यांना म्हाईत. पगार मात्र वेळेवर येतो."

काम खरोखरच धूर मोजायचं होतं. शिरूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत महेंद्र अकरा वर्षं हेल्पर होता. कंपन्यांच्या चिमण्यांवर चढायचं, चिमणीला ठेवलेल्या भोकातून एक लांब दांडी आत सारायची, पंप लावायचा आणि दोन-दोन तास तिथंच उभं राहायचं. खाली रसायनशास्त्राच्या पदव्या घेतलेली मंडळी लॅपटॉप उघडून बसत, वर महेंद्र. "पदवीला शिडी चढता येत न्हाई," असं तो म्हणायचा. भागातल्या सगळ्या चिमण्या त्याला सोयऱ्यांसारख्या माहीत होत्या. कुठली वाऱ्यानं डोलते, कुठलीच्या शिडीचा बारावा गज हलतो, कुठं खाली उतरल्यावर चहाबरोबर बिस्कीट मिळतं आणि कुठं पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं. चाळिशी उलटल्यापासून त्याचे गुडघेही या नोंदी ठेवू लागले होते. ते प्रत्येक शिडीला वेगळा आवाज काढत.

या सोयऱ्यांत एक मात्र घरचीच होती. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवर कोळशावर वीज करणारा एक खासगी कारखाना होता. त्याचं नाव लांबलचक आणि इंग्रजी, पण आसपासच्या वस्त्यांवर सगळे त्याला नुसतं 'पॉवर' म्हणत. पॉवरच्या कुंपणाला लागून पाझर तलाव होता, तलावाच्या काठाला दहा-बारा घरं, आणि त्यातल्या शेवटच्या घरात महेंद्रची आई रंभाबाई एकटी राहायची.

एकटी म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. रंभाबाई तळ्यातल्या माशांबरोबर राहायची. तंबाखूच्या डबीत गांडुळं, हातात बांबूची काठी, डोक्यावर पदर, आणि काठावरच्या एका ठराविक दगडावर बैठक. नवरा असताना तो गळ टाकायचा आणि ही शिव्या द्यायची. तो गेल्यावर तिनं गळ स्वतःकडे घेतला आणि शिव्या माशांकडे वळवल्या. महेंद्र दर महिन्याला म्हणायचा, "आई, कारेगावला चल." ती विचारायची, "तुझ्या दोन खोल्यांत गळ कुठं टाकू? मोरीत?"

एरवी महेंद्रनं हसून सोडून दिलं असतं. पण प्रयोगशाळेत अनुपमा मॅडम आल्या आणि त्याचं हसणं कमी झालं. मॅडम वयानं लहान, बोलायला गोड, पण एखादी गोष्ट समजावून सांगितली की माणसाची झोप उडवणाऱ्या. कोळशात नखभर पारा असतो, त्यांनी सांगितलं. कोळसा जळला की त्याची वाफ होऊन धुरातून वर जाते, पुढं कुठं तरी पाण्यात उतरते. पाण्यातून लहान माशात, लहान माशांतून मोठ्या माशात. "म्हणजे महेंद्रदादा, मोठा मासा जितका जास्त खाईल तितका पारा त्याच्याकडे साठत जातो."

"मरळ?" महेंद्रनं विचारलं.

"मरळ तर इतर मासे खाऊनच जगते."

रंभाबाईला मरळीसारखं दुसरं काही आवडत नव्हतं. महेंद्र त्याच रविवारी वस्तीवर गेला आणि मॅडमनी सांगितलेलं सगळं आईला सांगितलं. ती गळाकडे बघत ऐकत होती.

"दिसतो व्हय त्यो पारा?"

"न्हाई."

"वास येतो?"

"न्हाई."

"मासा कडू लागतो?"

"न्हाई गं."

"मग तुला कसा घावला?"

"मोजावा लागतो, आई. तेच तर माझं काम हाय."

"मग मोजला का? किती निघाला?"

मोजला होता, वर्षातून दोनदा मोजत होता, आणि दर वेळी मर्यादेच्या आत निघत होता. तेही खरं होतं. पॉवरवर चाचणी घ्यायची असली की आठ दिवस आधी पत्र जायचं. मग पॉवरमध्ये लगीनघाई सुरू व्हायची. एरवीचा काळा-करडा, मातीमिश्रित कोळसा मागं सारला जायचा आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला, धुतलेला, चकचकीत कोळसा पुढं यायचा. बॉयलर निम्म्या ताकदीनं चालायचा. धूर असा निघायचा की एखाद्या सोवळ्या घरची चूल वाटावी. महेंद्र वर उभा राहून तोच धूर नळीत घ्यायचा. नळी खोटं बोलत नव्हती, मॅडम खोटं लिहीत नव्हत्या, पंप खोटा नव्हता. सगळे खरे होते आणि आकडा त्या दोन दिवसांपुरता खरा होता. उरलेल्या तीनशे त्रेसष्ट दिवसांचा आकडा कुणाकडेच नव्हता.

"मर्यादेत निघाला," महेंद्र म्हणाला.

"मग झालं तर!" म्हणून रंभाबाईनं गळाला नवं गांडूळ लावलं.

त्या दिवसापासून महेंद्रला एकच ध्यास लागला. एकदा, फक्त एकदा, या चिमणीचा न सांगता धूर घ्यायचा. कारण मॅडमनी हेही सांगितलं होतं की यावर उपाय आहे. नळीत जी काळी पूड असते ना, पारा धरून ठेवणारी, तसलीच पूड धुराच्या वाटेत फवारायची. पारा तिला चिकटतो आणि पुढच्या कापडी गाळणीत अडकतो. यंत्र महाग, म्हणून पॉवर ते बसवत नव्हती. पण एक आकडा मर्यादेबाहेर गेला तर बसवावंच लागणार होतं.

वस्तीवरच्या लोकांनी अर्ज केले होते. ते अर्ज कुठल्या कुठल्या सरकारी टेबलांवरून हिंडत असताना एका अधिकाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं लिहून टाकलं की पॉवरची एक चाचणी पूर्वसूचना न देता घ्यावी, महिनाअखेरच्या आत. कागद प्रयोगशाळेत पोचला तेव्हा महिना संपायला एकच दिवस उरला होता. मॅडमनी महेंद्रला बाजूला बोलावलं.

"उद्या सकाळी आठला पॉवर. कुणाला बोलायचं नाही. तुमच्या गाडीवरून नळ्या घेऊन जा घरी, म्हणजे सकाळी परस्पर तिकडेच येता येईल. तीनच उरल्या आहेत, नव्या परदेशातून यायला दीड महिना."

नळ्या म्हणजे बोटाएवढ्या काचेच्या कांड्या, आत काळी पूड, दोन्ही तोंडांना टोपणं. दोन चिमणीत घालायच्या. तिसरी कोरी. ती धुरात घालायची नाही, टोपण लावून नुसती बरोबर हिंडवायची. तिच्यात शेवटी काहीच निघायला नको. निघालं तर समजायचं, बाहेरून कुठून तरी लागलंय. करवलीसारखं काम. नवरीबरोबर जायचं, पण हळद लावून घ्यायची नाही.

महेंद्रनं नळ्यांचा डबा जिवापाड जपत पाठीवरच्या पिशवीत ठेवला आणि गाडी काढली. शिरूरच्या पुढं पाण्याचा टँकर चालला होता, वरून उघडा, काठोकाठ भरलेला. गतिरोधक आला. टँकरनं उडी मारली आणि अर्धा हौद पाणी महेंद्रच्या अंगावर आलं. तो भिजला याचं त्याला काही वाटलं नाही. घरी येऊन त्यानं आधी पिशवी उघडली. डब्याचं झाकण निसटलं होतं, आतली प्लास्टिकची पिशवी नीट मिटलेली नव्हती, आणि तिन्ही नळ्यांच्या टोपणांखाली काचेवर आतून दव धरलं होतं. 'ओल लागली की नळी गेली,' हे मॅडमचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य.

त्यानं फोन हातात घेतला आणि ठेवला. मॅडमना सांगावं तर त्या चाचणी रद्द करणार, कारण त्या खऱ्या आहेत. चाचणी रद्द म्हणजे महिना संपला, महिना संपला म्हणजे कागद संपला. परत असा कागद निघायला दुसरा अधिकारी जन्माला यायला हवा.

नळ्या पुसून काढाव्यात तर ओल आतून. उन्हात ठेवाव्यात तर सूर्य कलला. आणि मग त्याला आठवलं की मागच्याच महिन्यात गौतमीचा मोबाईल बादलीत पडला होता. तिनं तो तांदळात पुरून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो वाजला. तांदूळ ओल ओढून घेतो, हे कारेगावात शेंबड्या पोरालाही माहीत. महेंद्रनं तिन्ही नळ्यांची टोपणं काढली, तोंडांना गौतमीच्या जुन्या ओढणीची पातळ चिंधी बांधली आणि तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्या खोल पुरल्या. गौतमी पोरांना घेऊन माहेरी, न्हावऱ्याला गेलेली. विचारायला कुणी नव्हतं. डब्याचं झाकण त्यानं घट्ट लावलं.

सकाळी नळ्या काढल्या तेव्हा काच लख्ख कोरडी होती. महेंद्र तांदळाच्या डब्याच्या पाया पडायचाच बाकी राहिला.

आठ वाजता पॉवरच्या दारात प्रयोगशाळेची गाडी आणि महेंद्रची मोटारसायकल उभी राहिली आणि गेटवर पळापळ झाली. इंद्रजीतसाहेब पॉवरचे पर्यावरण अधिकारी, जवळच्याच गावचे बागायतदार घरातले, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. ते त्या दिवशी बनियनवर बाहेर आले. "मॅडम, अहो निदान एक फोन!" मॅडमनी कागद दाखवला. "महेंद्रराव, तुम्ही तरी सांगायचं की. घरचे तुम्ही." महेंद्र म्हणाला, "साहेब, मलाच काल कळलं," आणि इतक्या वर्षांत प्रथमच गुडघ्यांना न विचारता शिडी चढला.

वर जाळीच्या माळ्यावर उभं राहिल्यावर त्यानं धूर बघितला. हा तो पाहुण्यासाठीचा धूर नव्हता. हा रोजचा, दाढी न केलेला, घरच्या कपड्यातला धूर होता. जाडजूड, पिवळट, तळ्याकडे वाकलेला. डोळ्यांत पाणी येईतो महेंद्र त्याच्याकडे बघत राहिला. दोन तास त्यानं दांडी अशी धरली होती की कुणी हिसकावून नेईल.

पुढचे आठ दिवस तो घरात शिट्टी वाजवत होता. गौतमी माहेराहून आली तेव्हा तिला वाटलं पगार वाढला.

नवव्या दिवशी अनुपमा मॅडमनी बोलावलं. "महेंद्रदादा, चिमणीच्या दोन्ही नळ्यांत भरपूर पारा आहे. मर्यादेच्या बाहेर."

महेंद्र खुर्चीतून उठलाच. "मॅडम! म्हंजी यंत्र!"

"बसा. कोऱ्या नळीत त्याहून जास्त आहे."

तो बसला. कोरी नळी चिमणीत गेली नव्हती. ती माळ्यावर, टोपण लावून, त्याच्याच खिशात होती.

"नळ्या रात्री कुठं ठेवल्या होत्या?"

त्यानं टँकरपासून सगळं सांगितलं. तांदळापर्यंत आल्यावर मॅडमचा चेहरा बदलला. "तांदळात काय काय असतं तुमच्या?"

"तांदूळ, मॅडम."

पण म्हणतानाच त्याला शंका आली. घरातला तांदूळ त्यानं आयुष्यभर ताटात बघितला होता, डब्यात काय असतं हे त्याला कुठं माहीत? त्यानं तिथंच गौतमीला फोन लावला आणि मॅडमना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"तांदळाच्या डब्यात काय घालतीस गं?"

"काय घालणार? तांदूळ."

"आन् दुसरं?"

"पारद टिकड्या. किडं-मुंगं व्हऊ न्हाई म्हणून. दहा-बारा असतील. का वं? तुमच्या आईनंच शिकवलंय लग्न करून आल्यापासनं. डाळीत पण हायत्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. ज्या पाऱ्यासाठी महेंद्र वर्षानुवर्षं शिड्या चढत होता तो त्याच्या घरात, बंद डब्यात, पाच माणसांच्या जेवणाच्या बुडाशी आरामात बसला होता. आणि पारा धरण्यासाठीच जन्मलेली ती पूड रात्रभर उघड्या तोंडानं त्याच्या शेजारी झोपली होती; कोरी नळी तर बहुधा टिकड्यांना अगदी चिकटूनच.

"वजा करता येत न्हाई का मॅडम? कोरीतला चिमणीतनं?"

"कोरीत जास्त आहे, दादा. वजा केलं तर पॉवरची चिमणी हवेतला पारा ओढून घेते असा दाखला निघेल. आपण त्यांना बक्षीसच द्यायचं."

"मग माझं नाव लिहा. चूक माझी म्हणून लिहा. मला कामावरनं काढा. पण चाचणी परत घ्या."

मॅडमनी सरकारी कार्यालयाला लिहिलं. त्याचं नाव घातलं नाही, 'साठवणुकीतील दूषण' असं काहीसं घातलं, आणि चाचणी पुन्हा घेण्याची विनंती केली. तीन वेळा फोन केला. उत्तर आलं ते सभ्य भाषेत आलं. न सांगता घ्यायची एक चाचणी घेऊन झाली आहे. ती ग्राह्य नाही याची नोंद घेतली आहे. पुढील चाचणी नेहमीप्रमाणे, रीतसर पूर्वसूचना देऊन. ज्या अधिकाऱ्यानं तो कागद काढला होता त्याची मध्यंतरी बदली झाली होती.

इंद्रजीतसाहेबांना सगळं कळायला दोन दिवस लागले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर महेंद्रला भांडता तरी आलं असतं. ते भेटले तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोट धरून हसले. "महेंद्रराव, तुमच्या घरची चूल आमच्या पॉवरपेक्षा मोठी निघाली की! आधी वहिनींना यंत्र बसवायला सांगा, मग आमच्याकडं या." मग त्यांनी चहा मागवला, बिस्कीट मागवलं. महेंद्रनं बिस्कीट खाल्लं.

घरी गौतमीनं दोन परातींत तांदूळ आणि डाळ पसरून एकेक टिकडी वेचली होती. तेवीस भरल्या. आता त्यांचं करायचं काय? कचऱ्याच्या गाडीत टाकाव्यात तर गाडी कचरा गावाबाहेर जाळते. पुराव्यात तर विहिरीला जाणार. ओढ्यात टाकाव्यात तर ओढा घोडनदीला आणि घोडनदी भीमेला.

"दुकानदाराला परत देऊ," गौतमी म्हणाली.

"तो दुसऱ्याला विकंल."

"मग आजवर खाल्लं त्याचं काय?"

महेंद्रनं मॅडमना विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. टिकड्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गेल्या, बरणी माळ्यावर गेली. तांदूळ मात्र फेकवेना. गौतमीनं तो चार पाण्यांनी धुतला, शिजवला, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे न बघता खाल्ला.

पुढची चाचणी लागली ती पत्र देऊन. आठ दिवस आधी. महेंद्र वर चढला तेव्हा ताडपत्री निघालेली होती, कोळसा चकाकत होता. चिमणीतून जे निघत होतं त्याला धूर म्हणायलाही संकोच वाटला असता. नव्या नळ्या आल्या होत्या. त्या त्यानं प्रयोगशाळेतून थेट आणल्या होत्या, कोरड्या, टोपणबंद. दांडी आत गेली, पंप सुरू झाला. या वेळी आकडा ग्राह्य धरला जाणार होता. हे त्याच्या दांडी धरल्या हाताला कळत होतं.

खाली तळ्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो चपापला. काठावर आई एकटी नव्हती. चार-पाच बाया तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या, सगळ्यांच्या हातात काठ्या. त्यानं एका हातानं फोन लावला.

"आई, ह्या सगळ्या काय करत्यात तळ्यावर?"

"मीच बोलावल्यात!" रंभाबाईचा आवाज इतका मोठा होता की फोन नसता तरी पोचला असता. "धुरपदा हाय, सविता हाय. म्हटलं, आज चला. आज माझा म्हाद्या वर चढलाय."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? तू चढलास की धूर गप बसतोय. मी दर बारीला बघते. तू वर, की आभाळ निर्मळ. तूच म्हणला हुतास ना, धुरातनं माशात येतंय? मग आज धूर न्हाई, आज मासा चांगला. म्हणून समद्यांना आणलं."

"आई, तसं न्हाई. मासा आजचा नसतो. वर्षभर तो त्याच पाण्यात..."

"आरं, तू येवढं थांबवतोस, मग रोज का चढत न्हाईस? आं? धुरपदा इचारतीया."

वाऱ्यानं माळा थोडा डोलला. धुतलेला कोळसा, पत्र, बदली झालेला अधिकारी, मर्यादा, सगळं फोनवर सांगायचं तर संध्याकाळ झाली असती.

"आई, ऐक माझं. आज मासा नको घेऊस. मी येतो खाली, मग समजावून..."

"थांब, थांब! वढतीया!" खाली बायांचा गलका उठला. रंभाबाईची काठी वाकली, ती दगडावरून उठली, आणि तिच्या हातात काही तरी लांबडं उन्हात लखकन चमकलं. "मरळ हाय म्हाद्या! हाताएवढी! संध्याकाळी येऊन जा, तुझा वाटा काढून ठेवते."

फोन बंद झाला. महेंद्रनं तो पुन्हा लावला. खाली तिनं तो पदराच्या गाठीत बांधला असावा, कारण वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. त्यानं वरून हात हलवला. बायांनी खालून आनंदानं हात हलवले. उतरून पळत जावं तर दांडी धुरात होती. चाचणी अर्ध्यात सोडली तर तीही गेली. पंपावरचं घड्याळ अजून एक तास दहा मिनिटं दाखवत होतं, आणि दांडी धरायला वर दुसरं कुणी नव्हतं.